कडू न कळणारं नाक

सोंडू हे काही तिचं खरं नाव नव्हतं. ते एका हत्तीच्या पिल्लाचं नाव होतं, आणि ते पिल्लूही खरं नव्हतं, कार्टूनमधलं होतं. लहान मुलांच्या मालिकेतल्या या पिल्लाला बारा महिने सर्दी असायची. सोंड कायम चोंदलेली, त्यामुळे 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' व्हायचा. मामाला हाक मारायला जावं तर तोंडातून 'बाबा' निघायचं, आणि त्याचा जाडजूड मामा दर भागात एकदा तरी वैतागून म्हणायचा, "अरे, बाबा नाही, मामा." एवढ्यावर घरोघरची पोरं लोळण घेत हसायची.

या पिल्लाला आवाज देणारी बाई बारीक चणीची, चाळिशीला टेकलेली. तिला हा आवाज मुद्दाम काढावा लागत नसे. तो तिचाच होता. कळायला लागल्यापासून तिचं नाक बंद. शाळेत हजेरीला "हजर मॅडम" म्हणायला गेली की "हजर बॅडब" व्हायचं आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसायचा. ज्या आवाजापायी तेव्हा रडू यायचं, त्यानेच पुढे तिला घरोघरी पोचवलं. म्हणून त्या नाकावर धड रागावताही येत नसे. स्टुडिओत सगळे तिला सोंडू म्हणायचे. होता होता घरीही तेच नाव चिकटलं.

तिचं सगळं बोलणं ती बोलायची तसं लिहिलं तर वाचणाऱ्याच्या नाकी नऊ येतील. तेव्हा इथे ते सरळ लिहिलंय. 'म' आणि 'न' ज्याचे त्याने मनातल्या मनात चोंदवून घ्यावेत.

रेकॉर्डिंगची खोली एवढीशी होती. भिंतींना अंड्यांच्या ट्रेसारखा उंचसखल राखाडी फोम, मधोमध माईक, त्याच्यासमोर जाळीची चकती. टिश्यूचा डबा दाराबाहेर ठेवलेला, कारण आत कुणी टिश्यू ओढला तर तो खरखराटही माईक टिपायचा. काचेच्या पलीकडे रेकॉर्डिस्ट आणि दिग्दर्शक बसायचे. दिग्दर्शकाला सोंडूच्या तब्येतीची फार काळजी, पण ती उलट्या बाजूने.

"आज आवाज जरा मोकळा वाटतोय," तो हेडफोनमधून म्हणायचा. "वाफ घेतलीस का?"

"थोडीशी. कपाळ ठणकत होतं."

"रेकॉर्डिंगच्या दिवशी नको ना घेत जाऊस. असं कर, बाहेरच्या सोफ्यावर डोकं खाली करून पड जरा."

ती पडायची. नाक चोंदायचं. मग काम सुरू व्हायचं. माणूस वाईट नव्हता. तिच्यासाठी गरम पाण्याचा थर्मास तोच भरून आणायचा, फक्त त्याची वाफ तिच्या नाकात जाऊ नये यावर त्याचं बारीक लक्ष असायचं.

सोंडूच्या घरी बरोबर उलटा नमुना होता. तिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. या माणसाला सर्दी म्हणजे काय ते ऐकूनच माहीत. घरात सगळे शिंकत असले तरी हा आपला ठणठणीत. पण खाण्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायचा नाही. कॉफी कडू, मुळा कडू, पालेभाजी कडू. कोबी शिजायला लागली की हा खिडकी उघडून तिथेच उभा.

"नावडतीचं मीठ अळणी आणि याची कोबी कडू," सासूबाई म्हणायच्या. पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवण्यात त्यांची उभी नोकरी गेली होती. नोकरी संपून बरीच वर्षं झाली तरी घरातली माणसं त्यांना पहिलीच्या वर्गातलीच वाटत. "जिभेचे नुसते चोचले. मला नाही लागत ती कडू? सुनेला नाही लागत?"

"मला लागते."

"एकट्या तुलाच?"

सोंडू मुकाट्याने ताट चाटूनपुसून संपवायची. तिला वास येत नसल्यामुळे अन्नाची निम्मी लज्जत कळतच नसे, त्यामुळे तक्रार करायला काही उरायचंच नाही. सासूबाई या गुणावर बेहद्द खूश होत्या. "असं खावं माणसानं," त्या मुलाकडे बघून म्हणायच्या. मुलगा सुनेकडे बघायचा आणि सून भिंतीकडे.

मालिका इतकी चालली की सोंडूवर मोठा सिनेमा काढायचं ठरलं. नेमकी तेव्हाच तिची डोकेदुखी वाढली. खाली वाकलं की कपाळात कुणीतरी शिसं ओतल्यासारखं व्हायचं. गोळ्या घेतल्या की कमी, संपल्या की पुन्हा तेच. एके दिवशी नवरा जेवताना जरा चाचरतच म्हणाला, "रागावू नकोस, पण तुझ्या नाकाला वास येतोय."

"नाकाला वास येतोय की नाकातून?"

"नाकातून. तुला येत नाहीये म्हणून सांगतो. बरा नाहीये तो."

दोघं नाकाच्या डॉक्टरांकडे गेली. या बाई उंच, घाईत बोलणाऱ्या आणि स्वतःच्याच विनोदावर आधी हसणाऱ्या होत्या. त्यांनी पातळ नळीच्या टोकाचा कॅमेरा नाकात घातला. समोरच्या पडद्यावर गुलाबी, ओली, सुजलेली गुहा दिसायला लागली.

"वाट बंद आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आत द्राक्षासारखे मऊ गोळे वाढलेत आणि त्यांच्यामागे पू साचलाय. किती दिवसांपासून आहे हे?"

"जन्मापासून धरा," सोंडू म्हणाली.

डॉक्टरांनी खणातून कागदाच्या पातळ पट्ट्यांची डबी काढली आणि एक पट्टी तिच्यापुढे धरली. "ही जिभेवर ठेवा. काय लागतंय ते सांगा."

सोंडूने पट्टी जिभेवर ठेवली. चघळली. डोळे मिटून विचारही केला. "कागद," ती म्हणाली.

"दुसरं काही?"

"ओला कागद."

नवरा शेजारच्या खुर्चीवरून वाकून बघत होता. "मी बघू का?" म्हणत त्याने एक पट्टी तोंडात टाकली. पुढच्याच क्षणी तो खुर्ची सारून कोपऱ्यातल्या बेसिनवर ओणवा झाला होता. नळ सोडून त्याने चुळा भरल्या, जीभ बाहेर काढून तिथल्या टॉवेलने पुसली, पुन्हा चुळा भरल्या. डॉक्टर टेबलाला धरून हसत होत्या.

"माफ करा," त्या म्हणाल्या, "पण नवराबायकोची अशी जोडी रोज मिळत नाही."

"विष आहे का हे?" नवऱ्याने टॉवेलमधून विचारलं.

"छे. कडू आहे, एवढंच. काहींच्या जिभेला भयंकर कडू, काहींच्या जिभेला नुसता कागद. जन्मतःच ठरलेलं असतं ते." मग त्या सोंडूकडे वळल्या. "आता गंमत ऐका. कडू ओळखणारे जे रिसेप्टर जिभेवर असतात ना, तेच नाकाच्या आतल्या पेशींवरही असतात. रिसेप्टर म्हणजे कुलूप समजा. ठरावीक किल्ली लागली की उघडतं."

"नाकाला कशाला हवी चव? नाकाने कोण जेवतं?"

"जेवायला नाही, पहाऱ्याला. नाकात शिरलेले जंतू आपापसात निरोप पाठवतात, काही रसायनं सोडून. ती रसायनं या कडूच्या कुलपात बसतात. कुलूप उघडलं की नाकाच्या पेशी एक वायू सोडतात. त्याने जंतू मरतात, आणि पेशींवरचे बारीक केस झाडूसारखे भराभर हलून कचरा बाहेर लोटतात. जंतूंची कुजबूज सुरू झाली की लगेच. तुमच्या मिस्टरांचं नाक त्या कुजबुजीला फार तिखट आहे."

"आणि माझं?"

"तुमच्यातलं ते एक कुलूप त्या किल्लीला उघडतच नाही. कुजबूज तुमच्या नाकाला ऐकू येत नाही. जंतूंचा चांगला आरडाओरडा झाला की मग शरीराची बाकीची फौज येते. येते, लढते, पण तोवर सगळी सूज, सगळा पू." त्या थांबल्या. "आता यावरून लगेच कपाळाला हात लावू नका. कागद कडू न लागणारी कित्येक माणसं धडधाकट असतात. हे बऱ्याच कारणांमधलं एक. पण तुमच्या बाबतीत मला ते पटतंय."

नवरा टॉवेल खांद्यावर टाकून परत येऊन बसला होता. आपण लहानपणापासून ज्याबद्दल बोलणी खाल्ली ती गोष्ट म्हणजे एक फौज निघाली, हे त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पसरत होतं. "डॉक्टर," तो म्हणाला, "घरी आईसाठी एक पट्टी मिळेल का?"

डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं. गोळे काढायचे, वाटा मोकळ्या करायच्या, मग रोज मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. नाकातला पहारा बदलता येत नाही, पण वाट मोकळी असली तर बाहेरून झाडू मारता येतो, असं त्यांचं म्हणणं.

"आणि आवाज?" सोंडूने विचारलं.

"आवाजाला काही होणार नाही. उलट मोकळा होईल."

सोंडूने पर्स उचलली. "सिनेमा झाल्यावर बघू," ती म्हणाली.

घरी आल्यावर नवऱ्याने ती पट्टी बशीत ठेवून आईपुढे सरकवली. सासूबाईंनी चष्मा लावून ती उलटीपालटी केली, मग जिभेवर ठेवून बराच वेळ वाट पाहिली.

"कागद आहे," त्या म्हणाल्या.

"माझ्या जिभेवरून अजून गेलेलं नाही ते, सकाळपासून."

मग त्याने डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं. "मलाही कागदच लागला, मग मला का नाही होत सर्दी?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. त्यावर डॉक्टरांचं उत्तर त्याने जसंच्या तसं दिलं.

"म्हणजे मी नशिबाची," त्या म्हणाल्या. बशीतल्या ओल्या पट्टीकडे त्या बघत राहिल्या. "तू एवढासा होतास तेव्हा तुझं नाक दाबून पालेभाजी भरवायचे मी."

"नाक दाबलं की तोंड उघडतं, असं म्हणायचीस."

"मला वाटायचं, नाटक करतोस."

"मलाही वाटायला लागलं होतं, मी नाटकच करतो म्हणून," तो म्हणाला.

सासूबाई उठल्या. बशी घेऊन आत गेल्या. दुसऱ्या दिवशी कोबी होती, पण एका लहान भांड्यात बटाटे वेगळे उकडलेले होते. ते भांडं त्यांनी त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि शेजारचा नळ कसा गळतोय त्याबद्दल बोलायला लागल्या.

सोंडू मात्र हटून बसली. सिनेमाचं रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं. ऑपरेशनचं ऐकून दिग्दर्शकाचा चेहरा असा काही उतरला की तिलाच त्याची समजूत घालावी लागली. "सिनेमा झाल्यावर," तिने त्यालाही सांगितलं. नवरा रोज विषय काढायचा आणि ती रोज टाळायची.

"उघड्या नाकाच्या बायका पैशाला पासरी मिळतात," ती म्हणायची. "मी मोकळी झाले तर माझ्यात काय उरलं?"

"तू उरशील की."

"तू चष्मे विकतोस. तुला काय कळतंय त्यातलं."

एका रविवारी दुपारी दुकान बंद होतं. नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता. सोंडू झोपून उठून बाहेर आली आणि त्याने वर पाहिलं. तिची डावी पापणी पिकल्या अंजिरासारखी सुजली होती. त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"इकडे ये. बस. माझ्या बोटाकडे बघ, डोकं हलवू नकोस." त्याने बोट उजवीकडे नेलं, मग डावीकडे.

"दुखतंय," ती म्हणाली. "डोळा फिरवला की मागून ओढल्यासारखं होतंय."

त्याने टेबलावरचं लाल चष्म्याचं घर उचललं आणि तिचा एकेक डोळा हाताने झाकत तिच्यापुढे धरलं. "दोन्हीकडून सारखंच लाल दिसतंय?"

तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. "डाव्याने जरा मळकट दिसतंय."

चष्मे विकणाऱ्याला त्यातलं एवढं कळत होतं, की नाकातली घाण आता डोळ्याच्या खोबणीकडे सरकली आहे आणि यात वेळ घालवायचा नसतो. तो उठला आणि बूट न घालताच जिन्याकडे निघाला. सासूबाईंनी मागून बूट, सोंडूची शाल आणि पाण्याची बाटली अशी सगळी मिरवणूक आणली, आणि टॅक्सीत त्या मधोमध बसल्या. वाटभर त्यांनी सुनेचा हात घट्ट धरला होता. ड्रायव्हरला मात्र वळण घेताना हात दाखव, हॉर्न वाजव, असं सगळं सांगत होत्या.

हॉस्पिटलमध्ये उंच डॉक्टर आल्या तेव्हा एकदाही हसल्या नाहीत. त्यांनी स्कॅन पाहिला आणि संध्याकाळच्या आतच सोंडूला आत घेतलं. बाहेरच्या बाकावर मायलेक बसून राहिले. बऱ्याच वेळाने सासूबाई म्हणाल्या, "तो सिनेमा कितीचाही असू दे, मी त्या दिग्दर्शकाचे कान उपटणार आहे."

"त्याची काय चूक? 'नाही' तीच म्हणत होती."

"मग दोघांचे."

डोळा वाचला. सूज ओसरली, ताप उतरला. नाकात भरलेल्या पट्ट्यांमुळे बरेच दिवस ती पूर्वीपेक्षाही चोंदलेली होती, त्यामुळे काही बदललंय असं कुणाला वाटलंच नाही. मग एके सकाळी डॉक्टरांनी आतलं सगळं बाहेर काढलं आणि म्हणाल्या, "आता तोंड मिटा आणि श्वास घ्या."

तिने घेतला. पहिला वास आला तो डॉक्टरांच्या हातमोज्यांच्या रबराचा. सोंडूला तो इतका आवडला की तिने हातमोजा मागून घेतला. मग लिफ्टमध्ये कुणाच्या तरी साबणाचा आला. रस्त्यावर पेट्रोलचा, तापलेल्या डांबराचा, पावाच्या भट्टीचा. भट्टीसमोर ती थांबली ती हलेना.

"तू रोज इथून जातोस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हो."

"आणि कामावर पोचतोस?"

पुढचे काही दिवस ती घरभर हुंगत फिरत होती. सासूबाईंच्या शालीला जुन्या पुस्तकांच्या कपाटाचा वास होता. नवऱ्याच्या बोटांना काचा पुसायच्या औषधाचा. बाळ नवीन खेळणं तोंडात घालतं तशी ती सगळ्या गोष्टी नाकाशी नेत होती. आनंदाचं भरतं ओसरल्यावर ती बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि आरशात बघून म्हणाली, "मामा."

स्वच्छ. शाळेच्या पुस्तकातल्यासारखा.

"मामा. मामा. मामा."

"कुणाचा मामा आलाय?" सासूबाईंनी बाहेरून विचारलं.

स्टुडिओत तिने हेडफोन चढवले आणि पहिलं वाक्य म्हटलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने मान वर केली. दिग्दर्शकाने डोळे मिटून घेतले.

"सोफ्यावर पडून बघ जरा," तो हताशपणे म्हणाला.

ती पडली. डोकं खाली लोंबकळत ठेवलं. काही चोंदलं नाही. चिमट्याने नाक दाबून पाहिलं तर भलताच गेंगाणा, पिचका आवाज आला. रेकॉर्डिस्टने आपल्या मशीनवर बटणं फिरवून पाहिली, त्यातून बादलीत बसून बोलल्यासारखं काहीतरी निघालं. शेवटी दिग्दर्शक बाहेर येऊन तिच्याजवळ बसला. "तू बरी झालीस, मला आनंदच आहे," तो म्हणाला, आणि तो खरंच बोलत होता, म्हणून तिला जास्त लागलं. "पण मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

घरी येऊन ती स्वयंपाकघरात बसली. डोळ्यांतून पाणी आलं की नाकातूनही येतं, हे तिला आजवर माहीत नव्हतं. सासूबाई समोर भाजी निवडत होत्या. त्यांनी तिला मनसोक्त रडू दिलं. मग विचारलं, "नाक दाबून बघितलंस?"

"बघितलं. गेंगाणं होतं."

"होणारच. दार उघडं ठेवून फाटक बंद केलं तर आवाज मधल्या अंगणात घुमतो." त्यांनी भाजीचे हात पुसले. "पहिलीतल्या निम्म्या पोरांना सर्दी असायची. ङ, ञ, ण, न, म. अनुनासिकं. वर्गात सगळ्यात जास्त हाल यांचेच. मी एकेकाला आरशापुढे बसवायचे." त्यांनी आत हाक मारली, "अरे, तुझ्या दुकानातला छोटा आरसा आण."

नवऱ्याने आरसा आणला. सासूबाईंनी तो थंड पाण्याखाली धरला, पुसला आणि सोंडूच्या नाकाखाली आडवा धरला.

"म म्हण."

"म्म्म." आरशावर वाफेचे दोन ठिपके उमटले.

"आता ब." आरसा कोरडा राहिला. "बघितलंस? दोन्हीला ओठ सारखेच मिटतात. म म्हणताना टाळूच्या मागचा पडदा खाली येतो, हवा नाकात जाते. ब म्हणताना पडदा वर. पोरांना मी तो पडदा खाली आणायला शिकवायचे. तू उलटं कर. मनात म आण, ओठ म्हणून मिट, पण आरशावर वाफ दिसता कामा नये."

"असं कसं जमेल?"

"पहिलीतल्या पोरांना जमायचं."

सोंडूने प्रयत्न केला. वाफ. पुन्हा प्रयत्न. पुन्हा वाफ. सासूबाईंचा शिकवण्याचा उत्साह मात्र पंचवीस वर्षांनी तरुण झाला होता. त्या सुनेला सकाळी नाश्त्याआधी बसवत, दुपारी बसवत, "टाळू कुठे गेली? टाळू वर" असं दटावत. नवरा दुकानातून आला की बाहेरच्या खोलीत थांबून ऐकायचा. घरात 'बाबा, बाबा' असा गजर चाललेला, आणि शेजारच्या बाईंनी एकदा काळजीने विचारलंही, की वडील बरे आहेत ना.

आधी एखाद्या अक्षराला जमायला लागलं. मग शब्दाला. मग अख्खं वाक्य आरसा कोरडा ठेवून पार पडलं, आणि सासूबाईंनी पहिलीच्या मुलाला देतात तसं तिच्या पाठीवर थोपटलं. पण सोंडूची स्टुडिओत जायची हिंमत होत नव्हती. तिकडे आवाजांच्या चाचण्या चालल्याचं तिच्या कानावर आलं होतं. एकदा नाही ऐकून आल्यावर पुन्हा कोणत्या तोंडाने जायचं, असं तिला वाटत होतं.

एका दुपारी फोन वाजला. तिनेच उचलला.

"नमस्कार," पलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "सोंडू आहे का घरी? मला तिच्याशी बोलायचं होतं."

तिच्या लक्षात आलं, आपला मोकळा आवाज याने स्टुडिओत जेमतेम दोन वाक्यं ऐकलाय. फोनवर तो त्याला ओळखता येत नाही.

"काय काम होतं?" तिने विचारलं.

"काम असं... वाईट बातमी आहे. तिच्या जागी आम्ही एक मुलगा घेतोय. चांगला आहे तो. म्हणजे बरा आहे. खरं सांगायचं तर अजिबात चांगला नाही, पण रेकॉर्डिंग थांबवता येत नाहीये. तिला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगावं म्हटलं. तुम्ही कोण, तिच्या बहीण का?"

"थांबा हं, तिला देते," सोंडू म्हणाली. तिने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला, टाळू वर उचलली आणि म्हणाली, "बाबा, बी घरीच आहे. दाव बाझंच ठेवा."

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"तुला पुन्हा सर्दी झाली?" दिग्दर्शकाने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी किती आणि आशा किती, हे सांगणं कठीण होतं.

"नाही," ती मोकळ्या आवाजात म्हणाली. "आता मी ती करते."

सिनेमा तिनेच केला. काम पूर्वीपेक्षा अवघड होतं. सगळा वेळ टाळू वर धरून घसा दुखायचा, थोड्या थोड्या वेळाने थांबावं लागायचं, आणि आरसा ती संहितेच्या पानांशेजारी ठेवायची. पण एक नवीनच सोय झाली होती. सोंडूची आई, जंगलातली म्हातारी घुबडीण आणि नदी, असे तीन आवाज दिग्दर्शकाला अजून सापडले नव्हते. तिने सहज म्हणून घुबडिणीचं एक वाक्य म्हणून दाखवलं. रेकॉर्डिस्टने वर न बघताच हात उंचावून ते ठेवून घेतल्याची खूण केली. नदीचा आवाजही तिलाच मिळाला. एवढ्या वर्षांत तिला हत्तीच्या पिल्लाशिवाय कुणी काही विचारलं नव्हतं, आणि तिनेही.

सासूबाईंनी दिग्दर्शकाचे कान उपटायचा बेत सोडला नव्हता. सिनेमाच्या पहिल्या खेळाला तो त्यांच्या पाया पडायला वाकला तेव्हा त्यांनी खरोखरच त्याचा एक कान धरला, आणि मग म्हणाल्या, "नदी छान झाली."

नाकातला तो पहारेकरी काही सुधारला नाही. थंडी पडली तशी सोंडूला सर्दी झाली. पण या वेळी ती कपाळापर्यंत चढली नाही. रोज सकाळी बेसिनवर वाकून ती एका नाकपुडीतून मिठाचं पाणी घालायची आणि दुसरीतून सोडायची. हा देखावा बघून नवरा तोंड वाईट करायचा, आणि पाण्याचं तापमान मात्र स्वतः हात घालून बघायचा. तिला वास कमी यायला लागला की ती त्याला विचारायची, तो जवळ येऊन हुंगायचा आणि निकाल द्यायचा. दोनदा त्याच्या सांगण्यावरून ती वेळेत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाल्या, एका घरात एक तरी तिखट नाक असलं की माझं अर्धं काम होतं.

सर्दी गेल्यावर एका संध्याकाळी दोघं बाजारात गेली होती. फळांच्या गाडीवर खरबुजं रचलेली होती. सोंडूने एक उचलून देठाकडून हुंगलं, ठेवलं, दुसरं उचललं. तिसरं. चौथ्याशी ती डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. मागे गिऱ्हाइकं खोळंबली.

"बाई," फळवाला म्हणाला, "घेणार आहात की नुसताच वास घेणार?"

"थांबा हो," नवरा म्हणाला, "चाळीस वर्षांचा बाकी आहे तिचा."

आणि त्याने हात पुढे करून पाचवं खरबूज तिच्या हातात दिलं.